मिशिगनच्या अंगठ्यावरून, टँडमने

टँडमवर, म्हणजे दोघांनी मिळून मारायच्या सायकलवर, मागे बसणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो. हँडल असतं, पण ते वळत नाही. गिअर पुढच्याकडेच. तोंड मात्र मोकळं असतं, आणि माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, त्याचा पुरेपूर उपयोग केला.

परत आल्यापासून इथली, मिशिगनमधल्या ट्रॉयमधली, आमची ओळखीची मंडळी विचारताहेत, "वैशाली, थंबला सायकलने जाऊन आलात म्हणे, शांत रस्ते आहेत का गं? जरा लिही ना, आम्हालाही जायचंय." तर लिहिते. रस्ते शांत आहेत. आम्ही नव्हतो, हे आधीच सांगून ठेवते.

मिशिगनचा नकाशा हातमोज्यासारखा दिसतो. इथल्या माणसाला त्याचं गाव विचारलं की तो पंजा वर करतो आणि त्यावर बोट टेकवून दाखवतो. त्या पंजाचा अंगठा म्हणजे थंब. तिन्ही बाजूंना पाणी, मधे सपाट शेती, आणि त्या शेतीतून पाटीवर आखल्यासारखे सरळ रस्ते. गाडी दिसली तर दिसली. सायकलवाल्यांना हेच हवं असतं. मिलिंदही डोळे चांगले होते तेव्हा इथे एकटा दोनदा येऊन गेला होता.

त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. नजर कडांकडून आत आक्रसत जाते. रात्रीचं आधी गेलं, मग बाजूचं. गाड्यांच्या सीट डिझाइन करणारा हा माणूस, पण त्याने स्वतःच एक दिवस लायसन्स परत केलं. ट्रॉयमध्ये गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. तेव्हापासून त्याचं ऑफिस, त्याचा दवाखाना, त्याचे केस कापायला जाणं, सगळीकडे मी ड्राइव्ह करते, आणि मधल्या वेळात हॉस्पिटलच्या लॅबमधली माझी नोकरी. लोकांनी विचारलं तर आमचं उत्तर ठरलेलं होतं: "रात्री जरा त्रास होतो, बाकी ठीक आहे." मलाही तेच माहीत होतं.

टँडम आणली आमच्या मुलीने. माया इथेच जन्मली, ग्रँड रॅपिड्सला पॅरामेडिक आहे. बाबांच्या वाढदिवसाला कुठून तरी जुनी लांबलचक सायकल टपावर बांधून घेऊन आली आणि मला म्हणाली, "आई, यू आर द कॅप्टन." टँडमवर पुढे बसणाऱ्याला कॅप्टन म्हणतात.

"मी? मी शाळेनंतर सायकलला हात लावला नाही."

"इट्स लाइक रायडिंग अ बाइक," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

नागपूरला इंदोऱ्यातून शाळेत जाताना मी कॅरिअरवर मैत्रिणीला बसवून सायकल मारलेली आहे. पण कॅरिअरवरची मैत्रीण घाबरून गप्प बसायची. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही कित्येक रविवार सराव केला. मी म्हणायचे "थांबते," तो पाय टेकवायचा. मी म्हणायचे "वळते," तो म्हणायचा, "आत्ता नको, आधी गिअर कमी कर." दोनदा पडलो. दोन्ही वेळा चूक कुणाची, यावर अजून एकमत नाही.

केसव्हिल ते बॅड ॲक्स

सप्टेंबर संपत आला होता. केसव्हिलला समुद्राएवढ्या तळ्याकाठी गाडी ठेवली आणि निघालो. रस्ता मायाने ॲपवर आखून दिला होता, कमीत कमी रहदारीचा. माझा फोन हँडलवर लावलेला, त्यातली बाई वळायचं सांगणार. म्हणजे एक बाई पुढून सांगणार आणि एक माणूस मागून.

गाव संपलं, तशी मागून सुरुवात झाली.

"काय दिसतंय?"

"मका."

"दोन्हीकडे?"

"उजवीकडे मका. डावीकडे सोयाबीन."

"हिरवं की पिवळं झालंय?"

"पिवळं."

"पूर्ण पिवळं, की वरवर?"

मी हँडल धरू, समोरचा रस्ता बघू, की सोयाबीनची पानं मोजू? पण हा मागून थांबायचा नाही. त्याचं लहानपण आजोळी, काटोलकडच्या शेतात गेलेलं, त्यामुळे सोयाबीन म्हणजे त्याच्या मामाचंच. शेंगा वाळल्यात का, पानं गळलीत का, दोन ओळींत अंतर किती. मी काही तरी ठोकून द्यायचे, तर तो म्हणायचा, "असं नसतं. नीट बघ."

"तूच बघ ना थोडं," मी एकदा म्हटलं. तो गप्प झाला. मला वाटलं, जिंकले.

आता रस्त्यांबद्दल. शांत म्हणजे किती शांत? आपल्याकडे शांत रस्ता म्हटला तरी वळणावर एक टपरी असते, टपरीवर चार माणसं असतात, त्यांतलं एक तरी "कुठून आलात?" म्हणतं. इथे एका मैलावर एक चौक, चौकात कुणी नाही. घरं लांब, आत झाडांत. माणूस दिसतो तो पिकअप ट्रकच्या काचेमागे, आणि तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. मिलिंदला ते बोट दिसत नाही, म्हणून मला तेही सांगावं लागायचं. "बोट उचललं." "किती बोटं?" "एक!" असे आमचे संवाद.

एका चौकानंतर पिवळी पाटी आली: डांबर संपलं. पुढे खडी. रहदारी कमी असणारच, कारण शहाणा माणूस तिथून जातच नाही. टँडमचं पुढचं चाक खडीत कोंबडीसारखं उकरायला लागलं. मी उतरले. तो उतरायला तयार नाही.

"हळू चालव, जमतं. मी मागे असं केलंय."

"मागे तू पुढे होतास!"

ढकलत निघालो. तो सायकलची मागची बाजू धरून चालला होता आणि मी पुढून ओढत होते, बैल नेल्यासारखी. मध्ये एका शेतातून कुत्रा आला. त्याला आमच्यात काही रस नव्हता, तो नुसता भुंकून आपलं काम करून गेला. मिलिंदने घाबरून माझं जॅकेट असं ओढलं की सायकलसकट मी आडवी व्हायची राहिले.

बॅड ॲक्सला पोहोचलो तेव्हा माझे दोन्ही तळवे बधिर होते. गावाचं नाव खरोखरच बॅड ॲक्स आहे, मोडकी कुऱ्हाड. मोटेलशेजारच्या छोट्या हॉटेलात बीन सूप मिळालं. हा भाग बीन्सचाच आहे, पांढरे छोटे दाणे, आपल्या चवळीपेक्षा गोल, गुळगुळीत शिजवलेले, तिखटाचा पत्ता नाही. मिलिंदने खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि सुपात ओतली. वाढणारी मुलगी बघत होती. "इज दॅट गुड?" तिने विचारलं. त्याने तिच्यापुढे डबी धरली. तिने बोटावर चिमूटभर घेतली, खाल्ली, खोकली, आणि आणखी एक चिमूट घेतली. त्या संध्याकाळी मला तो पूर्वीचा मिलिंद वाटला. ते वाटणं बिल येईपर्यंत टिकलं. बिलाची थाळी त्याच्या डाव्या हाताला ठेवली होती आणि तो टेबलभर उजवीकडे चाचपत होता. मला वाटलं, थकलाय.

बॅड ॲक्सच्या उत्तरेला

दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑस्टिनला, म्हणजे थेट उत्तरेला, तळ्याकाठी जायचं होतं. अंतर आदल्या दिवसापेक्षा कमी. वारा समोरून. ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा: थंबमध्ये डोंगर नाही, पण वारा आहे, आणि डोंगराला निदान उतार असतो. शेतात ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही उगाच नाहीत.

"पवनचक्क्या फिरताहेत का?"

"फिरताहेत."

"कुठल्या दिशेने तोंड?"

"आपल्याकडे पाठ करून. वाऱ्याकडे बघताहेत. शहाण्या आहेत, वारा घेतात आणि जागच्या हलत नाहीत."

शुगर बीटची हिरवीगार शेतं, मक्याची वाळायला आलेली शेतं, मध्येच एक कौलं पडलेलं कोठार, एका फाटकाबाहेर माशाच्या आकाराची टपालपेटी, तोंड उघडून बसलेली. हे सगळं मी ओरडून ओरडून सांगत होते, कारण वाऱ्यात त्याला ऐकू येत नव्हतं. "मासा? कुठला मासा?" "मला काय माहीत! मोठा! निळा!" घसा बसला.

तेवढ्यात मला जायची घाई झाली. शांत रस्त्यांबद्दल ही गोष्ट कुणी सांगत नाही. टपरी नाही, पंप नाही, देऊळ नाही, काहीच नाही. इतकी वर्षं अमेरिकेत राहून, स्वतःच्या घरी अडीच बाथरूम असून, मी मक्याच्या शेताकडे बघायला लागले.

सायकल थांबवली. मिलिंदच्या हातात दिली. "सायकल धर. जागचा हलू नकोस."

"नाही हलत. जा."

मका माझ्या डोक्याच्या वर होता. आत दोन पावलं गेलं की रस्ता नाहीसा. बाहेर येत होते तेव्हा धाडकन आवाज आला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. सायकल नव्हती, नवरा नव्हता. इथल्या रस्त्यांच्या कडेला पाणी वाहून जायला खोल चर खणलेले असतात, त्यात दोघं होते. खाली तो, वर सायकल.

"मिलिंद!"

"ट्रॅक्टर येत होता," तो खालून म्हणाला. "आवाज आला म्हणून कडेला झालो."

ट्रॅक्टर पलीकडच्या रस्त्याने जात होता, बराच लांब.

सायकल बाजूला ओढली. हँडलवरचा माझा फोन दगडावर आपटून मेला होता. मिलिंदचा उजवा घोटा बघता बघता फुगायला लागला. त्याला वर ओढताना मी बडबडत होते. एवढा मोठा चर, लख्ख ऊन, दोन हातांवर, एवढंही दिसू नये?

तो कडेच्या गवतावर बसला.

"डावा डोळा गेला, वैशाली."

"गेला म्हणजे? लागलं?"

"आत्ता नाही. मार्चमध्ये. हळूहळू जातच होता. मार्चमध्ये कळलं की काहीच उरलं नाही."

"आणि उजवा?"

त्याने अंगठा आणि बोट जुळवून डोळ्यासमोर धरलं. तान्ह्या बाळाची बांगडी असते ना, तेवढं.

मी काय बोलले असेन? कुणाला वाटेल, मी त्याला जवळ घेतलं. मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नसेन इतकं, त्या उघड्या शेतात. मार्चपासून? कुणाबरोबर गेलास डॉक्टरकडे? टॅक्सी करून, एकटा? घरात जिना उतरतोस, गॅस पेटवतोस, माझ्यामागे सायकलवर बसतोस, आणि मला सांगत नाहीस? मला सोयाबीनची पानं मोजायला लावतोस, आणि मला वाटतं, मजा करतोय!

"सांगितलं असतं तर तू टँडमवर बसली असतीस?"

"नसते बसले!"

"म्हणून."

मग म्हणाला, "तू गाडी चालवतेस. नोकरी करतेस. दिवसभर माझी ने-आण करतेस. त्यात आणखी हे कसं द्यायचं तुला? रोज ठरवायचो, आज सांगतो. तू दमून यायचीस."

माझा राग त्याने गेला नाही, वाढला. माझ्या दमण्याचा हिशोब परस्पर केला, आणि मला विचारलंही नाही.

पण घोटा फुगतच होता. त्याच्या फोनला रेंज नव्हती. आम्ही गाडीची वाट बघत बसलो. ज्या रस्त्यावर एकही गाडी येऊ नये म्हणून मुलीने तासन्‌तास नकाशा बघितला होता, त्या रस्त्यावर एकही गाडी येईना. पिकअप नाही, दुधाचा टँकर नाही, बोट उचलणारं कुणी नाही.

"तू जा," तो म्हणाला. "घर बघ कुठलं तरी. माझा फोन माझ्याकडे राहू दे, रेंज आली तर करतो."

मी पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा त्याच्याजवळ ठेवला. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि निघाले.

एकटीने टँडम चालवणं किती सोपं असतं! सायकल हलकी झाली. मला हवं तिथे वळत होती. मागून गिअरची सूचना नाही, प्रश्न नाही. वारा पाठीशी होता, कारण मी आलेल्या वाटेने परत निघाले होते. खरं सांगते, थोडा वेळ मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग चौक आला, मी वळले, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की मी जोरात म्हणतेय, "डावीकडे बीट. उजवीकडे कापलेलं शेत." कुणाला सांगत होते कोण जाणे. मी एकदम रडायला लागले. सायकल थांबवली नाही, तशीच चालवत राहिले.

कॅरलचं स्वयंपाकघर

झाडांत एक पांढरं घर दिसलं. दारात सत्तरीची बाई, ॲप्रन टोमॅटोने लाल झालेला. नाव कॅरल. मागे स्वयंपाकघरात वर्षाच्या साठवणीच्या टोमॅटोच्या बरण्या उकळत्या पाण्यात खडखडत होत्या. मी हेल्मेट घातलेली, डोळे सुजलेली, मागची सीट रिकामी असलेली लांब सायकल धरून उभी.

"तुझं दुसरं माणूस कुठे पडलं?" तिने विचारलं. इंग्रजीतच, पण अगदी असंच.

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, ट्रकची किल्ली घेतली. "कुठल्या रस्त्यावर आहे?"

मला माहीत नव्हतं. रस्त्याचं नाव मी वाचलंच नव्हतं. वाचत होती ती फोनमधली बाई, आणि ती मेली होती. मी म्हटलं, "एका बाजूला मका. एका बाजूला बीट."

कॅरलने माझ्याकडे बघितलं. अख्खा थंब एका बाजूला मका आणि एका बाजूला बीट असाच आहे.

मग मी आठवायला लागले. पडकं कोठार. त्याच्या आधी की नंतर, निळा मासा. "माशाची टपालपेटी," मी म्हटलं. "तोंड उघडं."

"अशा दोन आहेत," ती म्हणाली. "दोघं भाऊ आहेत, एकाने केली म्हणून दुसऱ्याने केली."

आधी आम्ही चुकीच्या माशाकडे गेलो. तो हिरवा होता. त्या सरळ रस्त्यांवर प्रत्येक चौक आधीच्या चौकासारखा, आणि कुठल्याशा चौकोनात माझा नवरा बसलेला, ज्याला ट्रक आला तरी दिसणार नव्हता. कॅरल हळू चालवत दोन्ही बाजूंना बघत होती. मग निळा मासा आला, मग कोठार, मग तो चर. गवत दबलेलं. मिलिंद नाही.

पुढच्या चौकात होता. पाटीच्या खांबाला धरून, एका पायावर उभा.

"जागचा हलू नकोस म्हटलं होतं ना!"

"चौकात गाडी यायची शक्यता जास्त," तो म्हणाला. "खांब सापडेपर्यंत चराच्या कडेने हाताने चाचपत आलो. चिवडा संपला."

मी ट्रकमध्ये त्याचा दंड असा धरून ठेवला की नंतर तिथे माझी बोटं उठली होती.

स्वयंपाकघरात कॅरलने त्याचा पाय खुर्चीवर ठेवला आणि फ्रीझरमधली गोठलेल्या मक्याच्या दाण्यांची पिशवी घोट्यावर बांधली. कॉफी दिली, पाय दिला, म्हणजे खायचा, सफरचंदाचा. आपल्याकडे असं कुणी दारात आलं असतं तर शेजारपाजार गोळा झाला असता, प्रत्येकाने वेगळा लेप सांगितला असता. इथे नुसती निवत आलेल्या बरण्यांची झाकणं एकेक करून टक्‌ टक्‌ घट्ट बसत होती. कॅरल मिलिंदसमोर बसली, आणि माझ्याकडे न बघता त्यालाच विचारलं, "तुला दिसत नाही ना?"

माझ्या तोंडात आमचं ठरलेलं उत्तर तयार होतं. रात्री जरा त्रास होतो.

"नाही," मिलिंद म्हणाला. "नो. आय कान्ट. मी आंधळा होतोय. बराचसा झालोय."

हा शब्द तोपर्यंत आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मराठीत नाही, इंग्रजीत नाही. कॅरल म्हणाली, "ओके," आणि काटा त्याच्या हातात देऊन सांगितलं, "पाय तुझ्या समोर आहे. क्रीम हवं तर उजवीकडे." त्याने खाल्लं. आणखी मागितलं. मी त्या अनोळखी बाईच्या टेबलाशी बसून त्याच्यावर अजून धुमसत होते, आणि तो मजेत क्रीम घेत होता.

पोर्ट ऑस्टिन

कॅरलने सायकल ट्रकमध्ये टाकली, आम्हाला आधी डॉक्टरकडे नेलं, मग केसव्हिलला माझ्या गाडीपर्यंत. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पोर्ट ऑस्टिनची खोली आधीच घेतलेली, म्हणून तिथेच गेलो. सायकलचा प्रवास संपला. तळ्याकाठच्या रस्त्याबद्दल मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही, कारण तो गाडीतून बघितला. गाडीतून सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीबाहेर बाकावर त्याचा पाय उशीवर ठेवून बसलो आणि भांडलो. शांतपणे, व्यवस्थित, काही न राखता. मी म्हटलं, "तू मला दमलेली ठरवलंस. मी दमलेय, पण ते मी ठरवणार." तो म्हणाला, "आणि तू मला ठीक ठरवलंस. बिलाची थाळी डावीकडे होती, तू बघितलंस, आणि उजवीकडे सरकवलीस. काही बोलली नाहीस." हे खरं होतं. मलाही बघायचं नव्हतं.

मग मायाला फोन लावला, स्पीकरवर. मिलिंदने स्वतः सांगितलं.

"आर यू किडिंग मी?" ती म्हणाली. "सिन्स मार्च? बाबा, मी रोज ॲम्ब्युलन्समध्ये लोकांना विचारते, व्हेन डिड इट स्टार्ट. रोज! अँड यू डिडन्ट लेट मी आस्क यू!"

"सॉरी, बेटा."

"आणि आई, यू टूक अ ब्लाइंड मॅन ऑन ग्रॅव्हल?"

"ग्रॅव्हल तुझ्या ॲपने दाखवलं!" मी म्हटलं. आता तिघंही चिडलेले होतो. मिलिंद हसायला लागला. मला अजिबात हसू येत नव्हतं, पण आलं.

ट्रॉय

परतल्यावर त्याने ऑफिसात सांगितलं. नोकरी आहे, कामाचं स्वरूप बदलेल. पांढरी काठी आली, ती वापरायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येतात. ती काठी तो घरात माझ्या पायांत घालतो.

मग एका रविवारी आमच्या मंडळींकडे बुद्धवंदना होती, नंतर जेवण. मिलिंद काठी घेऊन आला आणि दारातच सगळ्यांना सांगून मोकळा झाला. सांगायला इतके महिने का लागले असतील, ते मला तेव्हा कळलं. एका काकूंना हैदराबादचा डॉक्टर माहीत होता. एका काकांनी गाजराच्या रसाबद्दल सांगितलं. कुणी त्याला सोफ्यावर बसवलं, कुणी त्याच्या पाठीवर हात फिरवला. सगळे त्याच्याशी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले, आणि मग त्याच्याशी बोलायचं सोडून माझ्याशी.

"मिलिंद भाजी खातात ना गं, वांग्याची?"

"त्यांना पाणी देऊ का?"

"कसं मॅनेज करतेस गं तू? ग्रेट आहेस हं."

एका मावशींनी ताट वाढून त्याच्या मांडीवर ठेवलं. वरण, भात, भाजी, गोड, सगळं चमच्याने खाता यावं म्हणून एकत्र कालवलेलं. तो ताट धरून बसला होता. कुणी काही म्हणालं की मान हलवत होता. खात नव्हता. काटोलच्या मामाकडे वाढलेला, पहिला घास कशाचा घ्यायचा यावर पाच मिनिटं विचार करणारा माणूस.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझं डोकं सणकलं.

"मिलिंद!" मी खोलीच्या या टोकाहून ओरडले. "असा काय बसलायस पाहुण्यासारखा? ऊठ आणि स्वतःचं स्वतः घे! टेबल तुझ्या डावीकडे आहे, चार पावलांवर. वडे पहिल्या भांड्यात!"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाला तरी मारलंच आहे.

मिलिंदने मांडीवरचं ताट शेजारच्या काकांच्या हातात दिलं. उठला. काठी टेकत चार नाही, सहा पावलं टाकली, टेबलाची कड हाताला लागली. पहिल्या भांड्यात हात घातला.

"ही कोशिंबीर आहे, वैशाली," तो म्हणाला.

"मग दुसऱ्या!"

"नीट बघून सांगत जा ना."

त्याने टेबलक्लॉथला बोटं पुसली, दुसरं भांडं शोधलं, आणि तिथेच, टेबलाशी उभा राहून, एक गरम वडा पुरता तोंडात कोंबला.